सुमन आणि राष्ट्रीयत्वाचा रकाना

ईशा, नील,

मागच्या रविवारी ईशा फोनवर म्हणाली, "आजी, कॉलेजचे फॉर्म भरून भरून जीव नकोसा झालाय." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला इतका राग आला की चहा तसाच गार झाला. राग तुझा नव्हे, ईशा. तुझ्या फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाचा एक रकाना आला असेल आणि तू तो भरून पुढे गेली असशील. थांबायचं तुला कारणच नाही. तो रकाना ज्यांना भरता येत नाही, अशा मुलांसाठी माझी मैत्रीण सुमन बारा वर्षं खपली, आणि सात आठवड्यांपूर्वी गेली. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. पुरवणीत छापून येईल तेव्हा इतरही वाचतील, पण लिहिलंय तुमच्यासाठी. यात काय आहे ते मी तुमच्या बाबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "छाप." मराठी वाचताना कुठे अडलात तर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.

मंगळवारची सकाळ होती. इथल्या क्लेमेंटी भागातल्या मार्केटात मी भेंडी निवडत होते आणि सुमनच्या शेजारणीचा फोन आला. सुमन स्वयंपाकघरात पडली होती, अँब्युलन्स येऊन घेऊन गेली होती. टॅक्सी करून मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. एक नर्स म्हणाली, "तुम्ही बहीण का?" मी हो म्हणाले. तिला दुसरं कुणी नव्हतं, आणि खोटं बोलण्याबद्दल सुमनने मला झापलं असतं, हेही त्याच क्षणी मनात आलं.

सुमन मूळची डोंबिवलीची, आमच्यासारखीच इकडे परदेशात आलेली. लग्न केलं नाही. इथल्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात तिची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लोक योगाच्या वर्गाला जातात, बाईसाहेब दर शनिवारी सकाळी आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी जाऊन बसायला लागल्या. समोर पेन्सिली, खोडरबर आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. येणारी मुलं ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नाही अशी. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली, पण आईबापांनी कुठे नोंद केली नाही, किंवा आईबापच राहिले नाहीत. हातात फक्त मुदत वाढवून घ्यायचा एक तात्पुरता पास. नोकरीत असताना असे अर्ज सुमनच्या टेबलावर यायचे. "अपूर्ण" असा शेरा मारून ती ते परत पाठवायची. "वीस वर्षं मी हेच केलं," ती म्हणायची. "आता त्याची भरपाई." हे ती रडून वगैरे सांगायची नाही, दुधाचा हिशेब सांगावा तशी सांगायची.

तिची पद्धत ठरलेली. मूल बसलं की पहिला प्रश्न, "तुझ्याकडे काय आहे ते सांग. काय नाही ते मला माहीत आहे." मग जन्माचा दाखला, शाळेचे निकाल, मुख्याध्यापकांचं पत्र, एकेक टेबलावर मांडायचं. फॉर्म आधी कागदावर पेन्सिलीने भरायचा. प्रवेश आणि आर्थिक मदत यांचे अर्ज कधी एकत्र करायचे नाहीत. प्रवेश मार्कांवर मिळतो, तो आधी हातात घ्यायचा. मदत सरकारी योजनेतून मिळणार नाही, तिथे वेळ घालवायचा नाही. कॉलेजचा स्वतःचा निधी असतो, देणगीदारांचे असतात, ते शोधायचे. कॉम्प्युटरने पासपोर्ट नंबराशिवाय पुढचं पान उघडलं नाही, तर खोटा आकडा टाकायचा नाही. ऑफिसला फोन करायचा, बोलणाऱ्याचं नाव विचारायचं आणि लिहून घ्यायचं. पैसे घेऊन "सेटिंग" करून देणारे एजंट दिसले की ती अक्षरशः उठून त्यांच्या अंगावर जायची.

माझं अक्षर चांगलं आणि मला टापटीप लागते, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिने मला मदतीला बोलावलं. पहिल्याच शनिवारी मी घोळ घातला. केतकी नावाची मुलगी आली होती. (हे तिचं खरं नाव नाही. खरं नावही तितकंच मराठी आहे.) सावळी, उंच, बोलणं सगळं इथलं. तिला प्रयोगशाळेच्या तंत्राचा डिप्लोमा करायचा होता. मी फॉर्म भरत गेले. राष्ट्रीयत्वाचा रकाना आला. ती म्हणाली, "आंटी, लीव्ह इट ब्लँक, कॅन?" आता मला रिकामा रकाना बघवत नाही, तुम्हाला माहीत आहे. नाव मराठी, चेहरा आपल्यासारखा... मी सुबक अक्षरात लिहून टाकलं, भारतीय.

सुमनने कागद उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "मीना, हिला भारताने कधी आपली म्हटलंय का?"

"अगं, पण काहीतरी लिहायला हवं ना?"

"काहीतरी? उद्या ऑफिस म्हणेल पासपोर्ट दाखव. हिच्याकडे नाही. म्हणजे ही खोटं बोलली. अर्ज रद्द, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर तोच डाग. तुझा रकाना नीटनेटका दिसावा म्हणून!" मग केतकीकडे वळून म्हणाली, "ब्लँक कॅनॉट. इंडियन ऑल्सो कॅनॉट. राइट द ट्रुथ, लाह." तो इथल्या बोलीतला 'लाह' तिच्या डोंबिवलीच्या तोंडात इतका विचित्र वाटायचा की मुलं हसायचीच. केतकीही हसली. खोडून तिथे लिहिलं, कोणत्याही देशाचं नागरिकत्व नाही, सोबत निवेदन जोडले आहे.

मी शरमून विषय बदलायला विचारलं, इतकं मराठी नाव तुला कुणी ठेवलं? ती तिच्या इंग्रजीतच म्हणाली, "मॉम सांगायची, माझ्या बेबी पार्टीत एका आंटीने. माझ्या कानात काहीतरी बोलली आणि मग सगळ्यांनी तिला मारलं."

ईशा, नील, ती आंटी मी.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे वन-नॉर्थ भागात तुमच्या बाबांच्या ऑफिसात पुण्याचा एक मुलगा होता. आमच्याकडे कितीदा जेवलाय. इंडोनेशियातून कामाला आलेल्या रात्ना नावाच्या मुलीबरोबर तो क्लेमेंटीत एका चिनी म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहायचा. पुण्याला कळवलेलं नव्हतं, लग्नाची नोंद नव्हती. मुलगी झाली तेव्हा त्याने हौसेने बारसं केलं. पाळणा नव्हता, शेजाऱ्यांची प्रॅम आणून तिला झेंडूच्या माळा लावल्या. आत्या कुठून आणायची? तो म्हणाला, "काकू, तुम्हीच व्हा आत्या." मी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. आम्ही वीसेक माणसं होतो. पेढे खाल्ले. वर्षभराने तो "महिन्याभरात येतो" म्हणून पुण्याला गेला, तो आलाच नाही. तिथे त्याचं रीतसर लग्न झालं. आम्हा सगळ्यांना ते कळलं. मी दोनतीन महिने रात्नाला डबा नेऊन दिला. नंतर... नंतर माझं जाणं कमी झालं आणि मग थांबलं. तुमच्या आजोबांचं आजारपण हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आले, पण आजोबा त्यानंतर चार वर्षांनी आजारी पडले.

केतकी दहा वर्षांची असताना रात्ना वारली. त्या चिनी म्हातारीने, जिचं हिच्याशी काहीच नातं नव्हतं, हिला वाढवलं. दाखल्यावर बापाचा रकाना रिकामा. ना भारताच्या दप्तरी नोंद, ना इंडोनेशियाच्या.

त्याच शनिवारी हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावर कॉफी पिताना मी सुमनला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती म्हणाली, "म्हणजे तू आत्या आहेस तिची. छान. मग काम कर." केतकीला प्रवेश मिळणार हे तिच्या मार्कांवरून दिसतच होतं. प्रश्न फीचा होता, परदेशी विद्यार्थ्याची फी त्या म्हातारीला सात जन्मांत झेपली नसती. कॉलेजच्या एका निधीतून मदत मिळू शकत होती, पण ही मुलगी पासपोर्टाशिवाय कशी राहिली, हे तिच्या आईवडिलांना ओळखणाऱ्या दोन माणसांनी शपथेवर लिहून द्यायला हवं होतं. "एक तू," सुमन म्हणाली. "दुसरं कोण?"

बुओना व्हिस्टाला काही मराठी कुटुंबांनी मिळून एक शिक्षण निधी चालवलाय. बारशाला आलेल्यांपैकी तिघंजण त्यात आहेत. सुमन त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला कैरीचं पन्हं दिलं, तिच्या कार्याची वाहवा केली, आणि सांगितलं की आपल्या निधीला पासपोर्टची प्रत लागते. सुमनने विचारलं, बरं, निधी राहू द्या, दोन ओळी लिहून सही द्याल? "कशाला ताई, जुनं उकरून? त्याची इकडे पोस्टिंग अजूनही होते. उद्या समोर आला तर?" अठरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य एका पारड्यात, आणि लिफ्टमध्ये जुन्या मित्राशी नजरानजर होण्याची अडचण दुसऱ्या पारड्यात. त्यांना अडचण जड वाटली.

आणि मी? मी तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, तू कशाला यात पडतेस? त्याला तिकडे बायको आहे, मुलं आहेत. सही करू नकोस." तुमचे बाबा वाईट नाहीत. पण त्या दिवशी ते चुकले, आणि मी बाहत्तर वर्षांची बाई, पदवीधर, मी त्यांच्या चुकीच्या आड लपले. सुमनला म्हणाले, मला विचार करायला थोडे दिवस दे. मदतीच्या अर्जाच्या मुदतीला तीन आठवडे होते. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं. दुसऱ्या आठवड्यात विचारलं. शेवटच्या शनिवारी तिने काही विचारलंच नाही. टेबल आवरताना फक्त म्हणाली, "मीना, तुझं अक्षर खरंच सुंदर आहे. कामाला लाव की." मंगळवारी ती गेली. मुदत शुक्रवारी संपली. त्या आठवड्यात मी फक्त रडत होते, आणि रडणं हे काम आहे असं समजत होते.

पुढच्या रविवारी बुओना व्हिस्टाला, त्या निधीवाल्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, निरंजन, आणि तेच तिघं पुढच्या रांगेत. एकाने भाषण केलं. ताईंचं कार्य, ताईंचा त्याग, आपण ते पुढे न्यायला हवं. लोक माना डोलावत होते. केतकी मागे भिंतीशी उभी होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं. मी आयुष्यात कधी सभेत बोललेली नाही. मी उठले आणि म्हणाले, "अठरा वर्षांपूर्वी क्लेमेंटीत एक बारसं झालं होतं. त्या दिवशी ज्यांनी पेढे खाल्ले, त्यांनी हात वर करा."

माझा एकटीचाच हात वर होता. एक बाई हळूच म्हणाली, "काकू, ही वेळ आहे का?"

"वेळ तीन आठवडे होती. ती मीही घालवली," मी म्हणाले. "मागे उभी आहे ना, तीच ती मुलगी. तिचं नाव तुम्ही ऐकलंत, मला धपाटे घातलेत, आणि आता तुम्हाला कुणी आठवत नाही? सुमनचं कार्य पुढे न्यायचंय म्हणता. ते कार्य म्हणजे दोन सह्या आहेत." एवढं बोलून मी बसले. चहा न घेता मी केतकीला घेऊन बाहेर पडले. बसस्टॉपवर तिने विचारलं, "आंटी, यू स्कोल्ड देम, इज इट?" मी म्हटलं, हो.

सोमवारी सकाळी मी वकिलाकडे जाऊन शपथेवर लिहून दिलं, बारसं, प्रॅम, बापाचं नाव, त्याचं जाणं, माझं गप्प बसणं, सगळं. परत आले तर दारात 'ही वेळ आहे का' म्हणणारी बाई उभी. आत यायलाही तयार नाही. "काकू, मी रात्रभर झोपले नाही. त्या बारशाला मीही होते. कुठे सही करायची सांगा." तिची सही दुपारी झाली. ते पुढच्या रांगेतले तिघं आजतागायत आलेले नाहीत. भेटले तर ओळख देत नाहीत. न देवोत.

केतकीला घेऊन मी कॉलेजच्या ऑफिसात गेले, सुमनने शिकवल्याप्रमाणे टेबलामागच्या बाईचं नाव विचारून घेतलं, आणि उशिराची माफी मागायला तोंड उघडलं. त्या बाईने फाइल काढली. म्हणाली, उशीर झालेला नाही, तुम्हाला महिनाभर मुदत वाढवून दिलेली आहे. त्या फाइलीत सुमनचं पत्र होतं, ती गेली त्याच्या आदल्या शुक्रवारचं. इंग्रजीत, चार ओळी. साक्षीदार भित्री आहे पण प्रामाणिक आहे, तिला वेळ लागेल, पण ती येईल, कृपया थांबावं.

मी तिथेच खुर्चीत बसले. सुमनने मला माझ्याहून नीट ओळखलं होतं, आणि माझ्या भित्रेपणाचीही तजवीज करून ठेवली होती. मला तिचा भयंकर राग आला. अजून येतो. हे तोंडावर म्हणाली असतीस तर, सुमन, मी त्याच दिवशी सही केली असती... बहुतेक केली असती.

निधीतून मदत मंजूर झाली. तीन वर्षांची. केतकीला अजून कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही, आणि ते कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. तिच्या बापाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण तीच म्हणाली, नको. मागच्या सोमवारपासून तिचं कॉलेज सुरू झालं आहे, आणि ती रोज जाते.

तुमची,
आजी