घारफळकरांच्या चौदा बाटल्या

सदाशिवराव घारफळकर सायकलवर बसले की दुरून एखादी सरकारी फाइल चालल्यासारखी वाटे. जात असत, पण घाई कुठेच नसे. कृषी खात्यातल्या एकतीस वर्षांत अंगात मुरलेला वेग निवृत्तीनंतर लगेच थोडाच जाणार होता? बोंडअळीच्या साली ते निवृत्त झाले, त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी साखर सांगितली, आणि पुण्याहून चिरंजीव क्षितिजने बापाला गिअरची सायकल धाडून दिली. सोबत दोन बाटल्या. सायकलच्या दांड्यात अडकवायच्या आणि चालवता चालवता तोंडाला लावून दाबायच्या, तशा.

पत्नी रजनीताईंनी त्या बाटलीचं चोखायचं निपल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला. माणूस पुन्हा बाटलीवर आला."

यवतमाळात एक पहाट सायकल मंडळ होतं, त्यात सदाशिवराव दाखल झाले. त्यांना धरून अकरा जण. बाकीचे दहाही त्यांच्या मुलाच्या वयाचे, आणि त्यांची कप्तान शाल्मली नावाची दातांची डॉक्टर. मंडळ रोज लोहाऱ्यापर्यंत एकत्र जाई. तिथं कारखान्यांची पहिली फाटकं दिसू लागली की सदाशिवराव एका पुलावर बसत, पाणी पीत आणि माघारी वळत. बाकीचे पुढे दारव्हा रोडनं सुसाट. त्यांना कोणी हसत नसे. "काका, छान चाललं आहे तुमचं," असं सगळे म्हणत, आणि हे 'छान' सदाशिवरावांना काट्यासारखं बोचे. नोकरीत त्यांच्या प्रत्येक अहवालावर साहेब असंच 'छान' लिहून तो कपाटात ठेवून देत.

दिवाळीनंतर मंडळानं आर्णीचा बेत काढला. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर. सदाशिवरावांनी नाव द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शाल्मली अगदी मायेनं म्हणाली, "काका, तुम्ही आम्हाला सोडायला या ना. आर्णी नाक्यापर्यंत."

आर्णी नाका हा गावातच आहे. यवतमाळच्या माणसाला आर्णी नाक्यापर्यंत यायला सांगणं म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला सांगण्यासारखं. सदाशिवराव त्या दिवशी घरी येऊन साखर न घातलेला चहासुद्धा न बोलता प्यायले, तेव्हाच रजनीताईंनी ओळखलं की काहीतरी झालं आहे.

त्यांना आर्णीला जायचं होतं. एवढंच. आर्णीत त्यांचं कोणी नव्हतं, कामही नव्हतं. पण आपण लोहाऱ्यावरून परतणारा माणूस आहोत हे त्यांना कबूल नव्हतं.

नशिबानं पुढच्याच आठवड्यात मंडळातल्या एका बँकवाल्याचं पोट बिघडलं, मग दुसऱ्याचं. शाल्मलीनं लोहाऱ्याच्या पुलावर सगळ्यांच्या बाटल्या जमा केल्या आणि खिशातून दात बघायचा तो छोटा आरसा काढून एकेकीचं झाकण उघडून निपलाच्या आतल्या बाजूला धरला. आत काळा थर. कोणाच्या बाटलीला कुबट लिंबाचा वास, कोणाच्या बाटलीला मोज्याचा. आम्ही तर रोज धुतो, असं प्रत्येक जण सांगू लागला. धुतो म्हणजे नळाखाली धरून हलवतो, असं पुढच्या प्रश्नात निघालं.

सदाशिवराव पुलावरून उठले. बाटली धुणे हा त्यांचा विषय होता.

तो कसा, तर नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी त्याच्यावरच काढली होती. कापसाचं बिनसलं, फवाऱ्यावर फवारे वाढले, आणि घराघरात औषधाच्या रिकाम्या बाटल्या साठल्या, त्या वर्षांत खात्यानं त्यांना गावोगाव पिटाळलं होतं. ते तोंडाला रुमाल बांधत, हातात रबरी मोजे चढवत आणि पारावर उभे राहून सांगत: रिकामी बाटली तीन पाण्यांनी धुवा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा आणि खड्ड्यात पुरून टाका. घरच्या कर्त्याला विचारत बसू नका. तो म्हणेल, राहू द्या, कामात येईल. लोक माना डोलवत, चहा पाजत. आणि सहा महिन्यांनी सदाशिवराव पुन्हा त्या गावात गेले की त्याच बाटलीत कोणाकडे राकेल असे, कोणाकडे गोडेतेल, आणि कोणी तीच हातात घेऊन सकाळी शेताकडे निघालेला असे. आपलं भाषण जिल्ह्यात एकाही माणसाच्या कानात शिरलं नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि रजनीताईंनाही ती खात्री दोन-तीन दिवसांआड ऐकावी लागे.

तर त्यांनी पुलावर जाहीर केलं की शनिवारी सगळ्या बाटल्या माझ्या घरी आणून टाका, रविवारी आर्णीला निघताना वास आला तर नाव बदलीन. शाल्मली म्हणाली, असं असेल तर काका आपले पाणीप्रमुख. आणि पाणीप्रमुख पाण्याबरोबरच राहणार, म्हणजे आर्णीला येणार, हे सदाशिवरावांनी तिच्याकडून चारचौघांत वदवून घेतलं. बाटल्या स्वच्छ निघाल्या तर आर्णी, नाहीतर आर्णी नाका.

शुक्रवारी ते औषधाच्या दुकानात लांब दांड्याचा ब्रश मागायला गेले. तो लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीचाच निघाला. दुकानदारानं विचारलं, नातू की नात? सदाशिवराव म्हणाले, अकरा जण आहेत. दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी अंगणात कोणाची एक, कोणाच्या दोन, अशा चौदा बाटल्या आल्या. सदाशिवरावांनी प्रत्येकीचं झाकण काढलं, चमच्याच्या दांड्यानं निपल उचकटलं, आतली रबराची चकती नखानं सोडवली. निपल निघतं हे त्यांतल्या नऊ जणांना ठाऊकच नव्हतं. चौदा निपलं आणि चौदा चकत्या त्यांनी सोड्याच्या कोमट पाण्यात एका पातेल्यात भिजत घातल्या. बाटल्यांत मूठ-मूठ तांदूळ आणि लिंबाचं पाणी घालून खळाळा हलवल्या. सकाळभर घारफळकरांच्या अंगणातून गारुड्याचा खेळ चालल्यासारखा आवाज येत होता. रजनीताई दारात उभ्या राहून बघत होत्या. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःचा चहाचा कप मोरीत नेऊन ठेवला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, एखादी कढई देऊ का? हात बसलाच आहे तर."

चार बाटल्यांचा वास तरी जाईना. मग सदाशिवरावांनी ब्लिचिंग पावडर काढली. तिचा भपकारा नाकात गेला तेव्हा जुन्या सवयीनं त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, रबरी मोजे चढवले, आणि चारच कशाला म्हणून चौदाही बाटल्या त्या पाण्यातून काढून मोजून तीन पाण्यांनी धुतल्या. कढीपत्त्याचं रोप लावायला अंगणात एक खड्डा खणून ठेवला होता. त्याच्या भोवतीची माती भुसभुशीत होती, म्हणून तिच्यातच चौदा तुराट्या रोवून त्यांनी त्यांच्यावर बाटल्या उपड्या घातल्या. खड्ड्याभोवती रंगीत बाटल्यांचं गोल रिंगण झालं. ते दोन मिनिटं डोळे भरून पाहून सदाशिवराव जेवले आणि आडवे झाले.

दुपारी मैनाबाई आली. ती मूळची नेरकडच्या एका खेड्यातली. तिचे यजमान विठ्ठलराव लोहाऱ्याच्या एका कारखान्यात चौकीदार लागले तेव्हापासून ती इकडे असे, आणि दोन वर्षांपासून घारफळकरांकडे धुणंभांडी करी. सकाळी साहेब तोंडाला रुमाल, हातात मोजे, अशा अवतारात बाटल्या धुताना तिनं शेजारच्या घरातून भांडी घासता घासता पाहिले होते.

चार वाजता सदाशिवराव उठून अंगणात आले. तुराट्या जागच्या जागी होत्या. त्यांच्यावर काही नव्हतं. आणि मधला खड्डा बुजलेला होता, नुसता बुजलेला नव्हे, वरून पाय देऊन चोपलेला आणि पाणी शिंपडलेला.

"मैनाबाई," ते म्हणाले, "इथल्या बाटल्या?"

"पुरल्या जी," मैनाबाई कढई घासता घासता म्हणाली. "भोकं पाडूनच पुरल्या. तुमी थकून गेलते, म्हटलं झोपू द्या, तेवढंच काम राह्यलं होतं."

सदाशिवराव तिथंच पायरीवर बसले.

"काहून, तीन पाणी झालते ना?" मैनाबाईला आता शंका आली. "मी मोजत होती तिकून. तीनच झाले. वासही येत होता औषधाचा."

"पण मैनाबाई, मला विचारायचं तरी."

"घरच्याले इचारू नका, असं तुमीच त सांगतलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी साहेब तिच्या गावात आले होते. ते साहेबांच्या ध्यानात असेलच, म्हणून ती इतके दिवस बोलली नव्हती. सदाशिवरावांना ते गाव आठवेना. तेव्हा मैनाबाईनं खूण सांगितली: बाटलीला भोक पाडून दाखवताना साहेबांनी दाभण आपल्याच अंगठ्यात घुसवलं होतं, आणि सगळा पार हसला होता. सदाशिवरावांना गाव नाही, पण अंगठा लगेच आठवला. मैनाबाईही हसली होती. पण त्याच्या आदल्याच हंगामात तिची जाऊ भुरीबाई वावरात तहानेच्या भरात अशाच एका बाटलीतलं पाणी प्यायली होती आणि नऊ दिवस दवाखान्यात पडून होती. वाचली. अजूनही ती कोणाकडे गेली की पाण्याचा पेला आधी हुंगते आणि यजमानीण नाराज होते. म्हणून सभा संपल्यावर मैनाबाईनं घरी जाऊन होत्या तेवढ्या बाटल्यांना दाभण घातलं. त्यांतल्या एकीत सासूचं राकेल होतं. ते सगळं चुलीपुढे सांडलं, आणि सासू चार दिवस बोलली नाही.

"तवापासून आमच्या घरी रिकामी बाटली ठेवत नाई जी कोणी," मैनाबाई म्हणाली. "मंग ह्या बाटल्या कायच्या होत्या?"

रजनीताई आतून ऐकत होत्या. त्या मघापासून तोंडाला पदर लावून ओट्याला टेकल्या होत्या, पण हे 'कायच्या' ऐकल्यावर त्यांना खाली बसावं लागलं. सदाशिवरावांना मात्र हसावं की रडावं ते कळेना. एकतीस वर्षं ज्या एका माणसाची ते वाट बघत होते, तो माणूस त्यांच्या मोरीत कढई घासत होता, आणि त्यांची आर्णी त्यानंच खड्ड्यात घातली होती. शेवटी ते म्हणाले की पाण्याच्या होत्या, पण तुमचं काही चुकलं नाही. आणि कुदळ आणायला आत गेले.

माती उकरली तेव्हा एकेका बाटलीला तीन-तीन भोकं निघाली. एका भोकाला चिंधी कोंबून लोक बाटली पुन्हा वापरतात, म्हणून तीन पाडा, हेही साहेबांचंच सांगणं होतं. काम अव्वल झालं होतं.

संध्याकाळी सदाशिवराव शाल्मलीच्या दवाखान्यात गेले. वाटेत त्यांनी मनात मसुदा केला होता: सदर बाटल्यांस काही कारणास्तव छिद्रे पडली असून, वगैरे. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते आणि शाल्मली त्यांच्या दाढेशी झटत होती. ती वळून म्हणाली, "काय काका, झाल्या बाटल्या?" आणि ते मसुदा पार विसरले. मैनाबाईचं नाव घेऊन मोकळं होणं सोपं होतं. सदाशिवराव म्हणाले, "भोकं पाडली. चौदाही बाटल्यांना. माझ्या सांगण्यावरून." आणि मग अंगठ्यासकट सगळं सांगून टाकलं. खुर्चीतल्या गृहस्थांना हसू आवरेना आणि तोंड मिटता येईना, तेव्हा शाल्मलीला काम थांबवावं लागलं. तिची स्वतःची बाटली खास मागवलेली होती, त्यामुळे ती लगेच हसली नाही. जरा वेळानं हसली. मग म्हणाली की पाणीप्रमुख अजून तुम्हीच आहात, सकाळी साडेपाचला अकरा बाटल्या नाक्यावर हव्यात, कशाही चालतील.

त्या वेळी यवतमाळच्या दुकानांत अशा बाटल्या कुठून मिळणार? शाळेच्या मोसमातल्या उरलेल्या मिळाल्या. गळ्यात अडकवायच्या, पट्ट्याच्या, वर ससा नाहीतर हत्ती. सदाशिवरावांनी त्याही निपलं काढून धुतल्या.

रविवारी आर्णी रोडनं कापसाच्या गाड्या हाकणाऱ्यांनी एक विलक्षण मिरवणूक पाहिली. डोक्याला टोप, डोळ्याला काळा चष्मा, अंगाला घट्ट कपडे घातलेली अकरा मोठी माणसं, आणि प्रत्येकाच्या छातीवर धडधड आपटणारा एक ससा नाहीतर हत्ती. त्यात पाणी मावे चार घोट. दर अर्ध्या तासाला ते संपे, आणि सगळं मंडळ कुठल्यातरी हापशीवर नाहीतर चहाच्या टपरीवर उतरून रांगेत भरून घेई. मागून सदाशिवराव आपल्या चालीनं येत. बाकीचे पाणी भरून, झाकणं लावून, पट्टे नीट करून होईपर्यंत ते बरोब्बर पोचत, आपला हत्ती भरत आणि सगळ्यांबरोबर निघत. पहिल्या हापशीवर कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. पाचव्या हापशीवर बँकवाला म्हणाला, "काका, तुम्ही मागे सुटतच नाही हो आज."

दहाच्या सुमारास आर्णीची पाटी आली. सदाशिवरावांनी पाटीला पाठ लावून ससे-हत्तींसकट मंडळाचा फोटो काढवला आणि घरी फोन लावला. पोचलो, असं ते तीनदा म्हणाले.

"ऐकलं," रजनीताई म्हणाल्या. "पोचल्याचं मैनाबाईलाही सांगते. आता परत कसे येणार?"

सदाशिवरावांनी मागे वळून यवतमाळकडे जाणारा रस्ता पाहिला. तो त्यांनी अजिबातच विचारात घेतलेला नव्हता. मग ते सायकल हातात धरून, तंगड्या फाकवत, एस.टी.च्या टपावर सायकल टाकू देतात का ते विचारायला स्टँडकडे निघाले. मागोमाग बँकवालाही निघाला.