ताईचा श्रावण आणि गुडघ्याची गोळी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा एक गट आहे. कुणाकडे नव्या नवरीची मंगळागौर असली की ह्यांना बोलावणं येतं. नऊवारी नेसून, नथी घालून ह्या जातात, झिम्मा, पिंगा, फुगड्या खेळून समोरच्या तरण्या मुलींना दमवतात आणि परत येतात. ह्या गटाची पुढारी माझी मोठी बहीण, आणि ह्या गटातला एकमेव पुरुष म्हणजे मी. माझं काम सुपं, लाटणी आणि चपलांच्या पिशव्या सांभाळणं. बँकेत मी अधिकारी होतो हे तिथे कुणाला सांगूनही पटत नाही. एका यजमानीणबाईंनी तर मला चहाचे कप उचलायला लावले होते आणि मी ते उचललेही होते.

ताईचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरत होते. झीज झाली आहे, संधिवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी आडवी उतरायची आणि कुणी बघितलं तर 'चप्पल घसरते' म्हणायची. मागच्या पावसाळ्यात दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी दिली. एकाच गोळीत दोन औषधं, एक सूज उतरवणारं आणि एक साधं दुखणं थांबवणारं. पाच दिवस घ्यायची, पोटभर जेवल्यावर. सोबत सकाळी उठल्यावर घ्यायची पोटाची एक गोळी.

गोळीने जादू केली. तिसऱ्या दिवशी ताई सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, तालमीला उभी.

"बघ रे," मला म्हणाली, "झालं की नाही झकास? उगाच गुडघ्याला तो पट्टा बांधून बसले होते."

पाच दिवस संपले आणि श्रावण लागला. आता श्रावण म्हणजे ताईचा सोमवार, ताईचा शनिवार, मधे एखादी चतुर्थी. शिवाय मंगळवारी खेळ. खेळाच्या दिवशी ती दुपारपर्यंत नुसत्या चहावर असायची, कारण भरल्या पोटी फुगडीत गरगरतं असं तिचं ठाम मत. म्हणजे जेवण कधी, हा प्रश्नच. गोळी मात्र चालू राहिली. पोटाची गोळी तिने केव्हाच बंद केली होती. दुखतो गुडघा, मग पोटाला औषध कशाला?

माझी बायको एकदा तिला म्हणाली, "ताई, अहो, ह्या गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या ना? आज तर तुमचा सोमवार."

"गोळी उपवासाला चालते गं. तिच्यात मीठ नाही की धान्य नाही."

"तसं नाही हो, पोटाला..."

"मग काय रात्री उपास सोडल्यावर घेऊ? गुडघा थांबतोय होय तोपर्यंत?"

ह्यावर आम्ही दोघं हसलो. मी तर पुढे ऑफिसच्या जुन्या मित्रांनाही हा किस्सा रंगवून सांगितला, ताईच्या आवाजात. फार टाळ्या मिळाल्या.

ताईचा हा एवढा आटापिटा कशासाठी होता, ते सांगायला हवं. माझ्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं, आणि तिची पहिली मंगळागौर श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी ठरली होती. ताईला मूलबाळ नाही. ही पोर लहान असल्यापासून आत्याच्या हाताला लोंबकळून फुगडी शिकलेली. तेव्हा 'तुझ्या मंगळागौरीत पहिली फुगडी माझ्याशी घालायची, आईशी नाही, सासूशी तर नाहीच', असं ताईने तिला शंभरदा बजावलं होतं. त्यासाठी गुडघे 'चालते' ठेवायचे होते. आणि चालते ठेवायचे म्हणून ती सगळ्यांच्या मंगळागौरी खेळत सुटली होती. एका मंगळवारी तर दुपारी घाटकोपर आणि संध्याकाळी अंधेरी. अंधेरीला पोचेपर्यंत तिचा गुडघा फुगला. गटातल्या एका मैत्रिणीने पर्समधून गुलाबी गोळी काढून दिली. "ही घे, माझ्या मिस्टरांची आहे. एकदम भारी." दुपारी स्वतःची घेतली होती, आता ही. त्यानंतर गुलाबी गोळीही ताईच्या पर्समध्ये राहायला आली. जास्त दुखलं की तिची घ्यायची, एरवी आपली.

ती संध्याकाळ अजून आठवते. अंधेरीच्या त्या हॉलमध्ये ताई अशी गरागरा फिरली की बायका उठून उभ्या राहिल्या. मी चपलांच्या पिशव्यांवर बसून शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "माझी बहीण." ते म्हणाले, "ह्या वयात! कमाल आहे." मी मान अशी डोलवली, जणू फुगडी मीच घातली होती.

मुलीच्या मंगळागौरीला दहा दिवस होते, तो शनिवार. मुलगी माहेरी आली होती आणि ताई तिला नऊवारी नेसवून बघत होती. खाली वाकून काष्टा खोवला, उठली आणि कपाटाचं दार धरलं. चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम.

"काही नाही, उपास आहे ना," म्हणाली.

बायकोने तिला बसवलं, पाणी दिलं आणि बाईमाणसाच्या पद्धतीने हळूच दोन-चार प्रश्न विचारले. पोटात आग होते का? होते. शौचाला?  ताई पुटपुटली, "चार-पाच दिवस काळी होतेय. खजूर खाते ना मी उपासाला."

बायको माझ्याकडे वळली. "गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "आजी, कुठल्या कुठल्या गोळ्या घेता?"

"आजी कोण?" ताई स्ट्रेचरवरून म्हणाली. पण पर्स उघडली.

डॉक्टरने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि मागची बारीक अक्षरं आम्हाला दाखवली. "नावं वेगळी, रंग वेगळे. आत तीच दोन औषधं आहेत. म्हणजे ज्या दिवशी दोन्ही घेतल्या, त्या दिवशी डोस दुप्पट. तोही रिकाम्या पोटी. पाच दिवसांचं औषध तीन आठवडे."

"पण बरं वाटत होतं हो," ताई म्हणाली.

"वाटणारच. गुडघ्याला बरं वाटत होतं. पोटात जखम होत होती."

दुर्बीण घालून बघितलं तर खरंच जठरात जखम, आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं; काळं होत होतं ते त्यामुळे, खजुराने नव्हे. ताईला रक्त चढवावं लागलं. दोन-तीन दिवसांनी ती चिडचिड करायला लागली तेव्हा आमच्या जिवात जीव आला. घरी सोडताना डॉक्टरीण म्हणाली की सूज उतरवणारी ती औषधं आता ह्यांच्यासाठी बंद, ह्या नावाने नाही आणि दुसऱ्याही नावाने नाही. दुखलं तर साधी गोळी, तीही विचारून, मोजून. शेक, व्यायाम. "आणि नाच?" ताईने विचारलं. डॉक्टरीण हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतायत.

मंगळागौर व्हायची ती ठरल्या दिवशी झाली. डॉक्टरांच्या परवानगीने ताई आली, वरणभात खाऊन, कारण बायको समोर बसून राहिली होती. हॉलमध्ये तिला खुर्ची दिली. पिशव्या अर्थात माझ्याकडे. गट खेळला, ताई खुर्चीतून गाणी सांगत होती, आवाज जरा बारीक. मग माझी मुलगी फेरातून बाहेर आली आणि आत्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तिला आम्ही सगळं सांगितलं होतं. तरी उभी राहिली.

ताईने तिचे हात धरले. अंगठे नीट अडकवले, फुगडीला अडकवतात तसे. क्षणभर मला वाटलं, उठतेय. मग तिने मान वळवली आणि मुलीच्या सासूबाईंना हाक मारली. "या हो. पोर खोळंबलीय." आणि ते हात त्यांच्या हातात दिले.

दोघी छान फिरल्या. टाळ्या पडल्या. मी पिशव्यांकडे बघत बसलो.

घरी जाताना ताई माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होती. बाहेर बघत होती. मग म्हणाली, "एकच खेळायची होती रे मला. बाकीच्यांच्या कशाला खेळत सुटले?"

मी काच थोडी वर केली आणि विचारलं, "वारा लागतोय का?"

"नाही," ती म्हणाली. "असू दे."