जांभळ्या कंपनीतली सोयरीक

माझी आत्या सोयरिकी जमवते. धंदा म्हणून नाही. कुणी चुकून पैसे पुढे केले तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. छंद म्हणावा, तर छंदापायी माणूस इतकं जीव तोडून भांडत नाही. दारव्ह्याहून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि आमच्या घरामागच्याच गल्लीत राहणारी ही बाबांची थोरली बहीण. जिल्ह्यात कुणाचा मुलगा लग्नाचा झाला, कुणाच्या मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली, हे त्यांच्या आईबापांच्या आधी तिला कळतं. कसं कळतं, ते विचारलं की म्हणते, "मी लोकायशी बोलतो बाई. तुमच्यासारखी भिताडाकडं पाहत नाई बसत."

तर बोलणं हाच तिचा मुख्य खर्च, आणि मोबाइल कंपन्यांमध्ये जुंपली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. त्या काळात दारव्ह्याच्या बाजारात दर दोन-चार महिन्यांनी नव्या रंगाची छत्री उभी राहायची. छत्रीखाली टाय लावलेला एक घामाघूम पोरगा, समोर सिमकार्डांचा ढीग. एका कंपनीने आमच्या ग्रामपंचायतीची भिंत रंगवली, तर दुसरीने तिच्यावर आपला रंग चढवला. पोट्टे खिशात चार-चार सिम बाळगायचे आणि ज्याची स्कीम चालू त्याचं घालायचे. आत्याने मात्र सगळ्या कंपन्यांची नीट पाहणी केली, अगदी स्थळाची करावी तशी, आणि जांभळी कंपनी पसंत केली. कारण एकच, जांभळ्यावरून जांभळ्यावर बोलणं फुकट.

एकदा पसंत केल्यावर तिने जे केलं, ते त्या कंपनीच्या साहेबांनाही जमलं नसतं. जो कोणी स्थळ घेऊन दारात येई त्याला ती आधी विचारायची, "फोन कोन्ता हाये?" उत्तर जांभळं नसलं की चहा यायला उशीर व्हायचा. पुसदपासून मारेगावपर्यंत जिथे जिथे तिच्या सोयरिकी, तिथे तिथे जांभळी सिमं गेली. आमच्या घरी तर दुसऱ्या कंपनीचं नाव काढायची सोय नव्हती. कंपनीचा एक माणूस स्वतः येऊन तिला जांभळी छत्री देऊन गेला. ती छत्री तिने कधी उघडली नाही. पावसात भिजते म्हणे.

फोनच्या बाबतीत तिचे दोन कायदे होते, आणि खरं म्हणजे ते तिचे एकटीचे नव्हते, आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांचेच होते. पहिला कायदा असा की मुलगी पाहून पाहुणे गेले की निरोप मुलाकडून येणार, आणि तो मधल्या माणसाच्या फोनवर येणार. मुलीकडच्यांनी आपण होऊन "काय ठरलं जी?" असं विचारायचं नाही. विचारलं की आपली मुलगी घरात जड झाली असं दिसतं. दुसरा कायदा मोबाइल आल्यावर तयार झाला. आमच्याकडे नकार तोंडावर द्यायची पद्धत नाही. पूर्वी लोक "पत्रिका जमत नाही" म्हणायचे. आता फोन बंद ठेवतात. दोन-तीन दिवस फोन लागला नाही की समोरच्याने समजून घ्यायचं, आणि पुढे लग्नाकार्यात भेट झाली तर जेवणाची चौकशी करायची, दुसरं काही विचारायचं नाही. मला ही पद्धत फार सोयीची वाटायची. माझ्यावर वेळ आली नव्हती तोपर्यंत.

वेळ आली ती सोयाबीन निघालं तेव्हा. स्थळ मारेगावकडचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. शेती, जोडीला ट्रॅक्टर. पाहुणे आले, पोहे झाले, मला बाहेर बोलावलं. मुलाच्या बापाने शिक्षण विचारलं, मामाने स्वयंपाक विचारला, आणि कुणीतरी ठरल्याप्रमाणे "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या" म्हणालं. मुलाचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, अंगणात होतं. तिथे आमचं वासरू सुटून वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये घुसलं होतं. एवढ्या मंडळींतून तो उठला, बाहेर गेला, वासराला मानेखाली खाजवत खाजवत बाजूला नेऊन बांधलं, पायांनी विस्कटलेले दाणे हाताने सारखे केले आणि परत येऊन खाली मान घालून बसला. मामा म्हणाला, "हा असाच हाये." मी आत गेले आणि मनातून हो म्हणून टाकलं. इतकं साधं होतं ते. मला तो मुलगा हवा होता, आणि आता सगळं आत्याच्या फोनवर अवलंबून होतं.

फोन आला नाही.

पहिले दोन दिवस आत्या ऐटीत होती. "लगेच फोन करत नाई कोणी. मोठे लोक हायेत ते." पुढे ती फोन हातात घेऊनच भाकरी थापायला बसू लागली. मग कधीतरी तिने फोनकडे नीट पाहिलं, तर रेंजच्या जागी फुली. तिने फोन बंद करून चालू केला, बॅटरी काढून पदराने पुसली, फोनच्या पाठीत दोन चापट्या घातल्या. गावात आत्याच्या धाकाने पोट्ट्यांच्याही हाती जांभळंच सिम उरलेलं, त्यामुळे सगळं गावच मुकं झालेलं. कुणी म्हणालं टॉवरचं डिझेल संपलं, कुणी म्हणालं वांदरांनी वायर तोडली. शेवटी बाबा दारव्ह्याच्या मोबाइल दुकानात गेले आणि तोंड पाडून परतले. जांभळी कंपनी बुडाली होती. एक नवी कंपनी आली होती, ती सगळ्यांशीच फुकट बोलू देत होती, नेटही वाटेल तेवढं देत होती. त्या धुमाळीत छोट्या कंपन्या एकेक करून आडव्या झाल्या, त्यात आमचीही.

"नंबर वाचते म्हणे," बाबा म्हणाले. "जुन्या सिमवरून एक मेसेज करायचा, मंग दुसऱ्या कंपनीत तोच नंबर भेटते."

"मंग करा ना," आत्या म्हणाली.

"मेसेज करायले रेंज लागते."

"आन रेंज?"

"रेंजच तं बंद झाली."

आत्याने यावर कंपनीला जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. पण त्यातून मला एवढं कळलं की, ती नंबरासाठी रडत नव्हती. मारेगावचे लोक फोन करत असतील तर त्यांना काय ऐकू येत असेल, हे तिच्या लक्षात आलं होतं. "आपण संपर्क करू इच्छिता तो क्रमांक बंद आहे." दुसऱ्या कायद्याप्रमाणे आम्ही त्यांना नकार दिला होता.

गावाबाहेरच्या टेकडीवर जरा जरा रेंज मिळते अशी बातमी आली, तशी सकाळीच सगळं गाव टेकडीवर. पोळ्यालाही इतकी गर्दी नसते. जो तो हात वर करून गोल फिरतोय. आत्या लुगडं खोचून चढली, मी मागून तिची चप्पल घेऊन. वर पोचल्यावर तिने एका दगडावर उभं राहून फोन असा उंच धरला की खालून पाहणाऱ्याला वाटावं, बाई कुणाला तरी ओवाळतेय. आणि काय झालं कोण जाणे, फोन थरथरला. मिस कॉलचे मेसेज एकामागून एक आले. मारेगावचेच. मुलाच्या बापाचा नंबर पुन्हा पुन्हा, आणि मग तो बंद होऊन दुसराच एक नंबर, अगदी आदल्या संध्याकाळपर्यंतचा.

"हा दुसरा कोणाचा व?" मी विचारलं.

"पोराचा," आत्या म्हणाली. "मीच तं सिम घेऊन देल्लं त्याले."

तिने लगेच बापाचा नंबर लावला. नंबर बंद. पुन्हा लावला, तेवढ्यात आमचीच रेंज गेली, आणि मग ती काही आली नाही. नंबर वाचवायचा मेसेजही राहून गेला. आत्या दगडावर बसली. मग म्हणाली, "त्यायनं आता फोन बंद ठेवला. समजून घे बाई."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. "आत्या, त्यांचं सिम कोन्तं हाये?"

"जांभळं."

"मंग बंद काहून असन?"

तिला कळत होतं. तिला सगळं कळत होतं. पण दोन कायदे डोक्यात असे पक्के बसलेले की फोन बंद म्हणजे नकार, यापलीकडे तिचं मन जाईना. "कंपनीमुळं बंद हाये का मनापासून बंद हाये, हे कसं वळखावं?" असं म्हणाली ती. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. टेकडीवर, सगळ्या गावासमोर. मी म्हटलं, मला तो मुलगा आवडला आहे. असं आमच्याकडे मुली बोलत नाहीत. आत्याने इकडे तिकडे पाहिलं, पण सगळे आकाशाकडे हात करून उभे होते. कुणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दारव्ह्याला जाऊन त्या नव्या कंपनीच्या छत्रीखाली अंगठा लावला आणि सिम घेऊन आले. आत्याने त्या सिमकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं. ते चालू व्हायला एक दिवस गेला. दरम्यान बाबांनी दुसरीकडे एक स्थळ आहे असं हळूच सुचवून पाहिलं. मी ताट बाजूला सारलं, तेव्हा ते विषय सोडून कपाशीच्या बोंडअळीवर बोलू लागले.

संध्याकाळी फोन घेऊन मी आत्याकडे गेले. ती तूर निवडत होती.

"आत्या, त्यांचा नंबर सांग."

"मुलीकडच्यायनं फोन नाई करत."

"हा नंबर मुलीकडचा नाई. हा कोणाले माहीतच नाई."

तिने सूप हलवलं. खडे काढले. मग माझ्याकडे न पाहता, देवळात म्हणतात तशा सुरात, एकेक आकडा म्हणू लागली. जिल्ह्यातले सगळे नंबर तिला पाठ. म्हणून झाल्यावर म्हणाली, "मी तुले काई सांगतलं नाई. मी आपली आठवून राह्यली." आणि सूप घेऊन आत गेली. जाताना कडी मात्र लावली नाही. दाराआड तिची सावली मला दिसत होती.

तो बापाचा नंबर नव्हता. टेकडीवर पाहिलेला, मुलाचा होता.

मी परसात गेले आणि लावला. लागणार नाही याची खात्रीच होती. मेलेल्या कंपनीचा नंबर, तोही दीडशे किलोमीटरवर. आणि पलीकडे घंटी वाजू लागली. काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

"हॅलो, कोण?" आवाजात वारा इतका, की तो शेताच्या बांधावर आहे असं वाटलं.

मी गावाचं नाव सांगितलं.

मग तो म्हणाला, "तुमचा फोन बंद होता."

"कंपनी बंद पडली जी."

"तेच मी बाबाले सांगून राह्यलो. बाबा म्हणते, त्यायनं फोन बंद ठेवला, समजून घे. मी म्हटलं, कंपनी बंद हाये ना. बाबानं कंपनी बदलली. मी नाई बदलली. बदलाले चार-पाच दिवस सिम बंद राह्यते म्हणते. तेवढ्यात तुमचा फोन आला असता तं?"

"मंग तुमाले रेंज कुठून भेटली?"

"पाण्याच्या टाकीवर भेटते. रोज संध्याकाळी चढतो."

आता हे सांगायलाच हवं की, लग्नाआधी मी माझ्या नवऱ्याला किती गोड गोड काय काय म्हणायचं, याची मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. मी ओरडलेच, "उतरा आधी खाली! पडसान!"

"उतरलो तं तुम्ही कटसान," तो म्हणाला, आणि वरच बसून राहिला.