सावकाश

मी जिन्यात पडले ती चढताना. उतरताना सगळेच पडतात. हातात भाजीची पिशवी, कानाला फोन, आणि पलीकडून नणंद लोणी काळभोरच्या नव्या घराच्या फरशीचा रंग समजावून सांगत होती. मी तिला "फिकटच बरा" म्हणाले आणि तीन पायऱ्या खाली येऊन बसले. उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले, पाय उशीवर गेला. फरशी शेवटी तिने गडदच घेतली.

दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "मस्त जुळलंय. आता सगळं करा मावशी. चाला, जिने चढा, खाली बसा." निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी सरकारी कचेरीत तीन मजले लिफ्टशिवाय चढत होते. मला तोवर कोणी मावशी म्हटलं नव्हतं.

हाड जुळलं, पण बाकीची मी काही जुळेना. वजन वाढलेलं, मांड्या लोण्यासारख्या झालेल्या, आणि पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे बघायची सवय लागलेली. चप्पल घालायलाही स्टूल लागायचं. त्यात तो शब्द. खाटेवरून उतरले की हे म्हणायचे, "सावकाश." न्हाणीघराकडे वळले की "सावकाश गं." मुलगी बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर मला नुसती सोफ्यावर बसलेली बघून म्हणायची, "आई, सावकाश." आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि त्यातली तेहतीस मी पुढे आणि हे चार पावलं मागे, असे आम्ही रस्त्याने चालत आलो. "आटप लवकर" हे मात्र घरातून निघताना तेच म्हणायचे, कारण मी दारात कुणाशी तरी बोलत उभी असायचे. आता ते माझा दंड धरून चालायला लागले. एकदा तर रिक्षावाला, पुण्याचा रिक्षावाला, मीटर टाकण्याआधी मागे वळून म्हणाला, "सावकाश बसा काकू, घाई नाही." तेव्हा मला कळलं की आपलं काही खरं नाही.

त्याच सुमारास नणंदेच्या नव्या घराचा गृहप्रवेश झाला. दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली, समोर टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. मी दारात पाऊल टाकताच नणंद म्हणाली, "वहिनी, खाली बसू नका. तुमच्यासाठी खास खुर्ची हाय." खुर्चीवर उशीही होती. विहारातले भिक्खू, आमचे भन्तेजी, आले आणि साध्या आसनावर, जमिनीलगत बसले. सगळ्यांनी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा वंदन केलं. मी खुर्चीत बसून हात जोडले आणि मान वाकवली. मान वाकवली तेव्हा दिसलं की भन्तेजींचं डोकं माझ्या छातीच्याही खाली होतं.

आमच्याकडे भन्तेजींपेक्षा उंच बसत नाहीत. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, जसं उष्टा हात डब्यात घालायचा नाही हे शिकवलेलं आठवत नाही. कुणी काही बोललं नाही, भन्तेजी तर माझ्याकडे बघून हसले. पण मला इतकी लाज वाटली की वंदनेचे शब्द, जे मी झोपेतही म्हणू शकते, ते मध्येच अडले. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की पुढच्या वेळी जमिनीवर बसायचं, तिन्ही वंदनं करायची, आणि कुणाचा हात न घेता उठायचं.

आमच्या शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सव्वासहाला बायकांचा व्यायामाचा वर्ग चालतो. चालवणाऱ्या बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पीटी शिकवायच्या. आजोबांचं अत्तराचं दुकान होतं आणि त्या शनिवार पेठेत वाढलेल्या. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि टोमणे त्याहून शुद्ध. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला शीरखुर्मा खिलवून त्यांनी त्याच हॉलमध्ये पंधरा बैठका जास्त काढून घेतल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी नवे बूट, नवी मॅट आणि डॉक्टरांची फाइल घेऊन गेले. बाईंनी फाइल नीट वाचली, परत दिली आणि म्हणाल्या, "हाडाला परवानगी आहे. तुमची आहे का?" मग त्यांनी मला खुर्ची दिली. मला वाटलं, इथेही खुर्चीच. "पाठ टेकायला नाही दिलेली. टोकावर बसा. हात छातीवर घ्या. आता उठा."

माझे हात आपोआप मांड्यांवर गेले.

"मांड्या कुठे पळून जात नाहीयेत, धरून ठेवायची गरज नाही."

तिसऱ्या प्रयत्नाला उठले, आणि सुटकेने धपकन खाली बसले. त्यावर बाई म्हणाल्या, "सावकाश!" मी मनात म्हटलं, झालं, ह्याही त्यातल्याच. पण बाईंचं वाक्य संपलेलं नव्हतं. "सावकाश खाली या. पाच अंक मोजत. धपकन काय, मार्केट यार्डातलं कांद्याचं पोतंही बसतं. ते उचलणाऱ्या हमालाच्या मांड्या बघा, तशा हव्यात."

पाच अंक मोजत बसून बघा एकदा. तीनवर पाय लटपटतात, चारवर पूर्वज आठवतात. बाईंच्या वर्गात सावकाश म्हणजे जास्त कठीण. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी त्या शब्दाने कामाला लावत होतं, बसवून ठेवत नव्हतं.

पुढचे महिने माझी प्रगती फर्निचरमध्ये सांगता येईल. दिवाळीपर्यंत जेवणाची खुर्ची. मग प्लॅस्टिकचं स्टूल. मग धुणं धुवायचं बुटकं स्टूल, ज्यावर मी महिनाभर अडकले. एक दिवस रडलेही. बाईंनी रडू दिलं, रुमाल दिला आणि म्हणाल्या, "झालं? अजून चार राहिल्यात." मग पाट. मग जमीन, पण जमिनीवरून उठायला आधी कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं आणि वर यायचं. हे घरी रोज करा म्हणाल्या. मी घरी करत होते, पण चोरून, हे पेपर आणायला खाली गेले की स्वयंपाकघरात. यांनी बघितलं असतं तर व्यायामापेक्षा सावकाशच जास्त झालं असतं.

एका सकाळी मी ओट्याजवळ हातागुडघ्यांवर होते. पाऊल पुढे घेणार, तोच लॅचचा आवाज आला. पेपर आणायला निघालेले हे विसरलेला चष्मा न्यायला परत आले होते. मी काही बोलायच्या आत यांनी अशी हाक मारली की शेजारचे दोघं बाप-लेक बनियनवर धावत आले.

"अहो, मी पडले नाहीये! व्यायाम करतेय!"

"हो हो काकू, करा व्यायाम," असं म्हणत त्या दोघांनी मला काखेत धरून उचललं आणि सोफ्यावर आणून ठेवलं. तिसऱ्याने पाणी आणलं, म्हणजे यांनी. "सावकाश पी," म्हणाले.

शेजारी गेल्यावर मी भडकले. कचेरीत भडकायचे तशी, उभी राहून. "मला बावळट केलंत सगळ्यांनी मिळून! एक पाऊल राहिलं होतं! तुमच्या त्या सावकाशने मला म्हातारी करून टाकलंय, घोट्याने नाही." यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तू जिन्यात पडलीस तेव्हा मी वर टीव्ही बघत होतो. आवाज आला होता मला. वाटलं, शेजाऱ्यांचं काहीतरी पडलं. बातम्या संपेपर्यंत उठलो नाही."

हे त्यांनी इतके महिने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, की मी हाका मारत असताना हे होते कुठे. मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण जास्त वाईट वाटलं, कारण माझा पाय प्लॅस्टरमधून सुटला होता आणि हे अजून त्या जिन्यातच होते. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "तो शब्द तेवढा सोडा." त्यांनी मान डोलावली. सवय जायला वेळ लागला. मी उठले की "सा" एवढंच ऐकू यायचं, आणि मग नुसतं घसा साफ केल्याचा आवाज.

या वर्षी नणंदेला नात झाली आणि आम्ही नामकरणाला पुन्हा लोणीला गेलो. तीच सतरंजी, तीच खुर्ची, या वेळी उशी दोन. "वहिनी, ठेवलीया बघा." मी खुर्चीवर पर्स ठेवली आणि सतरंजीवर गुडघे टेकले. तिन्ही वंदनं केली. तिसऱ्यांदा कपाळ टेकल्यावर जरा जास्तच वेळ तशी राहिले. सतरंजीच्या कडेला दिसणाऱ्या फरशीचा गडद रंग बरा होता, हे तेव्हा कबूल केलं.

वंदना संपली तसे आजूबाजूने चार हात पुढे आले. "नको," म्हटलं. पलीकडून हे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी हातागुडघ्यांवर आले, उजवं पाऊल पुढे घेतलं, मोडलेलंच, आणि पाच अंक मोजत वर आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भन्तेजी बाळाच्या मनगटाला दोरा बांधत होते आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं होतं.

जेवणं झाली. मी दारात नणंदेशी बोलत उभी राहिले. बाळाचं नाक आमच्याकडचं की त्यांच्याकडचं, हा विषय लांबला. फाटकापासून आवाज आला.

"आटप की लवकर! बस काय तुझ्यासाठी थांबणारे? कुठेही गेलं की हिचं दारातलं संपत नाही!"

नणंद चिडली. "आरं दादा, वहिनीवर कशापाई वरडतोस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे तिचा आणखीच गैरसमज झाला. "वरडू दे," मी तिला म्हटलं, तिच्याच भाषेत. मग डावा पाय उचलून चप्पल घातली, उजव्या पायावर उभी राहून, भिंतीला हात न लावता. आणि फाटकापाशी त्यांना मागे टाकून चार पावलं पुढे चालायला लागले.