सात गाठींचा दोरा

अंबडच्या स्टँडवर आक्कानं खिडकीतून माझ्या मांडीवर फडकं ठेवलं, तोवर एसटी हलली होती. फडक्यात ज्वारीची सहा कणसं. "दोरा सोडू नको, बापू. दोरा गेला की कणीस मुकं झालं बघ." गाडीसोबत ती चार पावलं पळाली. मी पीएचडीच्या कामासाठी दहा महिने परदेशातल्या विद्यापीठात निघालो होतो, आणि थोरली बहीण लुगडं सावरत पळतेय याची मला लाज वाटली. इथूनच सगळं सुरू होतं.

गावकऱ्यांनी माझा सत्कार ठरवलाय. पत्रिकेत छापलंय, 'खोडमाशीला दाद न देणारी ज्वारी शोधणारे आपले भूमिपुत्र'. मंडळी, ती मी शोधली नाही. चाळीस वर्षं तोंड शिवून बसलो याचा आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला संताप येतो, आणि कुणी एकानंही विचारलं नाही याचाही.

खोडमाशी लागली की कोवळ्या ज्वारीचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, जळतो. आजूबाजूचे पोंगे जळूनही जे धाट हिरवं राही, त्याला आक्का लुगड्याच्या काठाचा दोरा बांधायची. काढणीला तीच कणसं बियाण्याला. दर हंगामाला दोऱ्यावर एक गाठ वाढायची. पानाच्या खालून बोट फिरवून म्हणायची, "हिला लव हाय. माशीला बसायला जागाच न्हाई." गडी हसायचे. वडील म्हणायचे, "बाईमाणसाला बियाण्यातलं काय कळतंय?" मीही हसायचो.

त्या विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात आक्काचे दाणे उगवले, आणि रोपांच्या पानाखाली, सूक्ष्मदर्शकातून, ती लव मला दिसली. काचेसारखी, टोकदार. प्राध्यापकांनी कणसावरचा दोरा उचलून विचारलं, हे काय? माझ्या अडाणी बहिणीची खूण, असं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "माझी पद्धत. सात गाठी म्हणजे सात हंगाम." ते खूश झाले. विद्यापीठाच्या बियाणे-संग्रहातल्या पाकिटावर संग्राहक म्हणून माझं नाव लागलं. दोरे पाकिटात मावेनात, म्हणून कात्रीनं कापून टोपलीत टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. कात्री मीच चालवली.

परत आलो ते शहरात, नोकरीला, क्वार्टरमध्ये. गावी पुढं दोन साल दुष्काळानं पेरणीच झाली नाही, आक्काची उरलेली कणसं कणग्यातच किडली. तिनं एकदाच विचारलं, "माझी कणसं आणलीस का, बापू?" मी म्हणालो, नियमात बसत नाही.

पत्रिका हातात पडल्यावर मी त्या विद्यापीठाला सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं, गोड भाषेत: तुमच्या शब्दापलीकडे पुरावा नसल्यानं नोंद बदलता येणार नाही. पुरावा मीच टोपलीत टाकला होता! मात्र 'मूळ संग्राहक' म्हणून मी थोडं बियाणं मागू शकतो.

ते पत्र घेऊन आक्काकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. कात्रीसकट सगळं सांगितलं. ती तूर निवडत राहिली.

"मला तवाच कळलं व्हतं. आल्तास तव्हा दोऱ्याचं नावच काढलं न्हाईस."

"तुझं नाव लागायला पाहिजे, आक्का."

"नावाचं काय करू, पेरू? बी मागव. जल्दी मागव, मी काय कायमची बसून ऱ्हाणार हाय का इथं?"

म्हणून त्या खोट्या नावाखाली मी पुन्हा एकदा सही केली. चाळीस दाणे आले. विहिरीजवळच्या तुकड्यात पेरले, सभोवती गावची साधी ज्वारी.

सत्काराला मी येणार नाही. शाल परत न्या. तुमच्यापैकी जे शिकायला बाहेर गेलेत, त्यांनी फडक्यात काय नेलं आणि कुणाचं नेलं, ते आजच घरी फोन करून विचारावं.

परवा शेतात गेलो. साध्या ज्वारीचे पोंगे जळाले होते, आपली हिरवी होती. आक्का काठी टाकून खाली बसली, पानाखालून बोट फिरवलं. "हाय," एवढंच म्हणाली. मग लुगड्याच्या काठाचा धागा ओढला. मी हात पुढं केला.

"तू बांधू नको," ती म्हणाली. "धाट धर फक्त. हलू देऊ नको."

मी धाट धरलं. तिनं गाठ मारली. एकच.

धाट धरायचं, एवढं काम मला अजून घरात आहे.