एक्स्ट्रा आलेला कागद

मी डूख धरते. अभिमानाने सांगत नाही, लाजूनही सांगत नाही. कुणाला सांधेदुखी असते, तसं मला हे आहे. आई म्हणायची, हिच्याशी वाकडं घेऊ नका, ही तुमच्या तेराव्यालासुद्धा आठवण करून देईल. लंडनमध्ये, ईलिंगला येऊन बारा वर्षं झाली. हवा बदलली, पाणी बदललं, हे काही बदललं नाही.

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणजे आमच्याच मराठी घोळक्यातले, इथल्या हॉस्पिटलात वीसेक वर्षं काढलेले गृहस्थ. आमच्या मुलींच्या सेकंडरी स्कूलचा कारभार बघणाऱ्या गव्हर्नर्सच्या कमिटीवर ते पालकांमधून निवडून गेले होते. मुलांच्या स्टुडंट कौन्सिलवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात.

इयर एटमध्ये, म्हणजे आपल्या सातवीत, वर्गाने हात वर करून माझ्या मुलीला दोन वर्षांसाठी कौन्सिलवर निवडलं. माझी मुलगी बोलताना अडखळते. एखाद्या शब्दावर गाडी अडते, ओठ मिटतात, आणि तो शब्द सुटेपर्यंत समोरच्याला थांबावं लागतं. वर्गातली पोरं थांबायची, त्यांनीच तर तिला निवडलं. त्या दिवशी तिने बूटही न काढता दारातच मला सगळं सांगितलं, अडखळत अडखळत, आणि मीही हातातली पिशवी तशीच धरून ऐकत राहिले. आठवड्याने फायनल यादी आली. तिच्या जागी डॉक्टरांच्या मुलीचं नाव होतं.

पेरेंट्स ईव्हनिंगला मी डॉक्टरांना गाठलं.

"असं आहे," ते म्हणाले, "लीडरशिपला प्रेझेन्स लागतो. बाहेरच्या लोकांसमोर बोलावं लागतं. तिला जरा वेळ द्या. आणि तुम्ही असं करा, समर फेअरला बटाटेवड्यांचा स्टॉल लावा. तुमच्या हातच्या वड्यांना तोड नाही. आपल्या लोकांचं नाव होईल."

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि स्वेटरची बाही ओढून बोटांवर घेतली.

आणि मी लावला की स्टॉल. हेच जास्त झोंबतं. बँकेत दहा माणसांची टीम चालवणारी बाई मी, पहाटे उठून वडे तळले, वर "थँक यू डॉक्टर" म्हणाले. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, तेव्हा कुठून आलं, कोण जाणे.

मुलगी त्यानंतर वर्गात हात वर करेनाशी झाली. घरीही तिचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'फाइन'वर आलं. जेवताना मी खोदून खोदून विचारायचे, ती पोळीचे तुकडे करत बसायची. मधेच काही बोलायला लागली आणि अडली, की मीच तो शब्द पुरा करून द्यायचे. मला दोन गोष्टी हव्या होत्या. तिचं तोंड पुन्हा उघडावं, आणि डॉक्टरांचं बंद व्हावं. खरं सांगायचं तर दुसरीची घाई जास्त होती.

दीड वर्षाने डॉक्टरांची मुदत संपली आणि जानेवारीत निवडणूक लागली. शाळेची ईमेल आली त्याच संध्याकाळी मी फॉर्म भरला.

नवरा म्हणाला, "अगं, ते सीनियर आहेत. पुन्हा उभे राहतायत. वाईट दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं.

मतपत्रिका मुलांच्या दप्तरातून घरोघरी गेल्या. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या बंद पाकिटातून शाळेच्या ऑफिसात पोचवायच्या होत्या. त्याच्या आधीच्या रविवारी माझं हळदीकुंकू होतं. दरवर्षी मी वाण म्हणून वाट्या नाहीतर डबे देते. त्या वर्षी काळ्या शाईची पेनं आणली. तिळगुळाबरोबर एकेक पेन हातात ठेवलं, तेव्हा बायका हसायला लागल्या.

"पेन कशाला गं?" एकीने विचारलं.

"मत द्यायला."

"अगं, मत तर आमच्या ह्यांनी कधीच दिलं. डॉक्टरांना. त्यांनी फोन केला होता ना ह्यांना."

दुसरी म्हणाली, आमच्याकडेही ह्यांनीच भरून पाठवला. तिसरीचंही तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आणि दुसरा कागद?" मी विचारलं.

"तो एक्स्ट्रा आला होता," पहिली म्हणाली. "मी त्याच्या मागे भाजीची यादी केली."

इथे आई आणि बाप दोघांना वेगळं मत असतं, म्हणून प्रत्येक घरी दोन कागद गेले होते. आमच्या लोकांनी तो घरटी एक समजला, वर्गणीसारखा. इंग्लंडात घरं घेतली, पासपोर्ट बदलले, आणि बायकोचा कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवला. मी हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. भाजीची यादीवाली म्हणाली, "मग मागच्या बाजूला कांदे-बटाटे लिहिलेले चालतील का?" मी म्हटलं, पुढची बाजू कोरी असली म्हणजे झालं.

डॉक्टरांच्या बायकोलाही बोलावलं होतं. बोलवायचं नाही असं कसं करणार? मी त्यांना कुंकू लावायला वाकले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझा कागद वेगळा असतो?"

"असतो ना, वहिनी," मी म्हटलं. "पेन घेतलंत का?"

त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढून घेतली. त्यांनी मत कुणाला दिलं, मला माहीत नाही. पण त्या चेनचा आवाज आठवून मी बरेच दिवस खूश होते.

मी निवडून आले. जितक्या बायका त्या रविवारी माझ्या हॉलमध्ये मावल्या होत्या, साधारण तितक्याच मतांनी. डॉक्टरांचा फोन आला, अभिनंदन म्हणाले, आता जबाबदारी आहे हं, म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "डॉक्टर, जुलैच्या फेअरला स्टॉलवर एक माणूस कमी पडतोय. तुम्ही याल ना? आपल्या लोकांचं नाव होईल."

मग ते "येईन" म्हणाले. आणि आले. मी त्यांना एप्रन दिला आणि चटणीवर उभं केलं. रांगेत त्यांचे दोन पेशंट निघाले. मी काही समंजस बाई नाही. तो दिवस आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं.

पण एवढ्याने माझं उट्टं फिटलं नव्हतं. कमिटीत मी ठराव आणला: कौन्सिलची निवड मुलांनीच करायची, गुप्त मतदानाने. शिक्षक किंवा गव्हर्नर यांनी यादीला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक उमेदवारासाठी एका विद्यार्थ्याने स्टेजवरून बोलायचं. कागदावर मी 'मुलांच्या नेतृत्वगुणांना वाव' असं लिहिलं. मनात लिहिलेलं एवढंच होतं, की पोरं आपल्या मतीने मत द्यायला लागली की डॉक्टरांची मुलगी आपटणार आणि माझी निवडून येणार, तीही त्यांच्यादेखत. ठराव एकमताने पास झाला.

"उभी राहशील ना?" मी मुलीला विचारलं.

"बघते," ती म्हणाली. ऑक्टोबरात पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "मी आहे त्यात." मी तिच्यासाठी नवीन ब्लेझर आणला.

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मी मागच्या भिंतीशी गव्हर्नरचा बॅज लावून बसले. दुसऱ्या रांगेत डॉक्टर आणि वहिनी. पहिलं नाव त्यांच्या मुलीचं पुकारलं गेलं. मग शिक्षिकेने विचारलं, हिच्यासाठी कोण बोलणार? आणि नवीन ब्लेझर घालून माझी मुलगी स्टेजवर चढली.

तिने तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दावर अडली. हॉल थांबला. मग ती बोलली. म्हणाली, इयर एटमध्ये ही जागा माझी होती, आणि हिला ते माहीत होतं. ही दर मीटिंगच्या आधी लंचला माझ्याजवळ येऊन बसायची. मला काय म्हणायचंय ते विचारून लिहून घ्यायची, आणि माझं नाव सांगून मीटिंगमध्ये वाचायची. दोन वर्षं, एकही मीटिंग न चुकता. दोन मिनिटांची वेळ होती, माझी मुलगी चारपाच मिनिटं बोलली. कुणी घंटा वाजवली नाही.

डॉक्टर वळून मला शोधत होते. मी दिसल्यावर त्यांनी हात जोडले. त्यांची मान खाली गेलेली बघायला मी दोन वर्षं थांबले होते. ती खाली गेली तेव्हा मी छताचे दिवे बघत बसले.

त्यांची मुलगी निवडून आली. माझी तर उभीच नव्हती.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू रागावली?"

"मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं मी रोज विचारतेय."

"तू नेहमी अंकलचंच बोलायची," ती म्हणाली. "आणि मी बोलायला लागली ना, की तू माझा स... स..."

"सगळा राग त्यांच्यावर काढते, माहितीये मला," मी म्हटलं.

तिने ब्लेझरची बाही ओढून बोटांवर घेतली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी काढली.

"मी 'सेंटेन्स' म्हणत होते," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "तू माझा सेंटेन्स पूर्ण करते. ती थांबते."

डॉक्टरांना मी अजून माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही. पण त्या दिवशी घर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ती पुढे काही बोलेल म्हणून वाट बघत होते.