मास्तरांची गाडी किती देते?

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते त्यांच्या साडूने नवी गाडी घेतली त्या दिवसापासून. त्याआधी प्रकृती ठणठणीत होती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, फोन, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, आणि दारात उभी असलेली सोळा वर्षांची पांढरी गाडी. या गाडीला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारा चालवणार, मास्तर शेजारी बसणार, आणि शिकणाऱ्याने घोटाळा केला की मास्तरांचा पाय मदतीला धावणार. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. त्यांच्याकडे शिकलेली माणसं आता त्यांनाच ओव्हरटेक करून, वर हात हलवून पुढे जात. त्याचंही मास्तरांना थोडं लागायचं, पण ते धंद्यातलं दुखणं होतं, अंगवळणी पडलं होतं.

साडूचं तसं नव्हतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा गाडी मास्तरांकडेच शिकला होता. परीक्षेत तीनदा आपटला होता. गाडी मागे घेताना अजूनही त्याची जीभ आपोआप बाहेर यायची. आणि त्याच्या दारात आता राखाडी रंगाची, आवाज न करणारी, काचेसारखी चकचकीत गाडी उभी होती.

"बावीस देते, साडूभाऊ," त्याने पहिल्याच दिवशी बॉनेटवर हात फिरवत सांगितलं. "लिटरला बावीस! तुमची किती देते?"

"मोजलं नाही कधी," मास्तर म्हणाले.

हे साफ खोटं होतं. मास्तर दर आठवड्याला टाकी काठोकाठ भरत, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणत आणि पुन्हा टाकी भरताना भागाकार करत. उत्तर नऊ यायचं. कधी साडेआठ. दोष अर्थातच शिकाऊ लोकांचा. पहिल्या गिअरमध्ये गाडी रडवतात, वळणावर बंद पाडतात, ती कशी देणार जास्त? मिस्त्रीचंही तेच मत होतं. क्लचप्लेटा आणि ब्रेकचे पॅड तो इतक्या वेळा बदलायचा की मास्तर दिसले की न विचारता हत्यारांचा डबा उघडायचा.

आता नवी गाडी हवी म्हणून सरळ सांगावं की नाही? पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मास्तरांना खोड. त्यांनी पेट्रोलचं पुराण सुरू केलं. जेवताना पेट्रोल, चहा पिताना पेट्रोल. पेट्रोल किती जळतं, हवा किती बिघडते, शहाण्या माणसाने अशा वेळी जुनी गाडी मोडीत काढून जास्त देणारी घ्यावी. बायको ऐकत होती. हवेची एवढी काळजी नवऱ्याला कधीपासून लागली हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"आणि माझ्या दुपारच्या बॅचचं काय?" तिने एकदा मधेच विचारलं.

ही गोष्ट मास्तरांना नको होती. दोन वर्षांपूर्वी बायको शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली होती. दुपारच्या वेळा तुझ्या, असं मास्तर तेव्हा उत्साहाच्या भरात बोलून गेले होते. मग ती वेळ पुढच्या महिन्यावर गेली, आणि तो पुढचा महिना काही उजाडेना. ती बिचारी टेबलाशी बसून फोनवर लोकांना वेळा द्यायची, मास्तरांच्या वेळा.

"नवी गाडी आल्यावर बघू ना," मास्तर म्हणाले.

"नवी आली की तिच्या आसपास तरी फिरकू द्याल का मला? ओरखडा जाईल म्हणून जीव टाकाल. या खटाऱ्यावर तरी कधी पाळी येईल म्हणून मी थांबलेय."

"अगं पण नऊ देते ती! नऊ!"

नऊपुढे दुपारची बॅच मागे पडली. येत्या रविवारी शोरूममध्ये जायचं आणि ही गाडी देऊन नवी घ्यायची असं ठरलं. साडूही बरोबर येणार होता, मार्गदर्शन करायला. मार्गदर्शन! तेही त्याचं, आणि मास्तरांना!

पण त्याआधीच, सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलेले मास्तर तसेच राहिले. कंबर धरली. शिकणारे दारात येऊन उभे, परीक्षा तोंडावर आलेल्या, आता काय करणार? बायकोने फोन बाजूला ठेवला आणि किल्ली उचलली. मास्तर पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून गाडीचा आवाज ऐकत राहिले. आठवडाभर तेवढंच काम होतं. गाडी परत यायची तेव्हा आतून हसण्याचा आवाज यायचा. मास्तरांच्या गाडीत सोळा वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

शुक्रवारी ती आत आली आणि म्हणाली, "अहो, टाकी भरली. तेरा दिले."

"काय तेरा?"

"लिटरला तेरा. दोनदा भागून बघितलं."

"टाकी काठोकाठ नसेल भरली."

"काठोकाठ भरली."

"मग मोकळ्या रस्त्याने नेली असशील."

"तुमचेच रस्ते, तुमचीच माणसं."

मास्तर कुशीवर वळले. त्या रात्री त्यांना साडूची आठवण झाली नाही. शनिवारी कंबर जरा सैल झाली तसे ते पट्टा बांधून उठले. सकाळची वेळ एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. "मी बसतो शेजारी," मास्तर म्हणाले. "तू हवं तर मागे बस."

ती मागे बसली. डॉक्टरीणबाईंनी गाडी काढली. गाडी चढावर धापा टाकू लागली.

"आज जड का वाटतेय?" बाई म्हणाल्या. "मॅडम असतात तेव्हा अशी भुर्रकन जाते!"

"ॲक्सिलरेटर द्या," मास्तर खेकसले.

मागून बायको पुढे वाकली होती. तिला दोन सीटच्या मधून खालचं सगळं दिसत होतं. "अहो," ती हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय क्लचवर होता आणि उजवा ब्रेकवर. नुसते ठेवलेले नव्हते, दाबलेले होते. थोडेसेच, भीतीपुरते. त्यांनी पाय उचलले तशी गाडी चढावर पुढे उडाली आणि बाई आनंदाने ओरडल्या. दुसऱ्या वळणाला पाहिलं तर पाय पुन्हा जागेवर. त्यांना कळलंही नव्हतं. सोळा वर्षं प्रत्येक शिकाऊ माणूस मास्तरांच्या पायाखालून गाडी ओढत होता, आणि वर शिव्याही खात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? बायको मात्र पाय सीटखाली घेऊन बसायची. गाडी बंद पडली तर पडू द्यायची.

घरी बायकोने पायांचा विषयच काढला नाही. नाही काढला म्हणून मास्तरांना आणखी राग आला.

रविवारी दोघं शोरूममध्ये पोचले. साडू आधीच येऊन, मालकाच्या थाटात एका गाडीला टेकून उभा होता. काउंटरवरच्या बाईंनी संगणक पुढ्यात ओढला. "आत्ताची गाडी किती देते सांगा, म्हणजे नवी घेऊन किती वाचेल ते लगेच दाखवते."

मास्तरांच्या जिभेवर नऊ तयार होता. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यांच्या हातात ती नऊच द्यायची. नऊ म्हटलं की नवी गाडी दारात, साडूचं तोंड बंद, आणि बायको पुन्हा फोनपाशी. तेरा म्हटलं तर सगळं तिथेच संपत होतं, आणि वर कबूल करावं लागत होतं की एका आठवड्याची मास्तरीण सोळा वर्षांच्या मास्तरांपेक्षा बरं शिकवते. तिची ती मोकळी ऐट, ते हसणं, तिच्यासाठी उडणारी गाडी, सगळ्याचा त्यांना भयंकर हेवा वाटला. साडूचा हेवा गाडी घेऊन मिटला असता. हिच्या हेव्याला औषध देणारं शोरूम कुठे होतं?

बायको त्यांच्याकडे बघत होती.

"माझ्याकडे नऊ देते," मास्तर म्हणाले. "हिच्याकडे तेरा."

"दोन गाड्या आहेत का?"

"गाडी एकच आहे."

"मग कुठला आकडा टाकू?"

"तेरा टाका."

बाईंनी आकडा टाकला आणि तोंड वाकडं केलं. "मग एवढा फायदा नाही दिसत. वसूल व्हायला बरीच वर्षं जातील."

साडू खो खो हसला. "म्हणजे ताई तुमच्यापेक्षा भारी चालवतात म्हणा की!"

"शिकवते भारी," मास्तर म्हणाले. "चालवायला काय, तुम्हीही चालवता."

बाहेर आल्यावर बायको स्टीअरिंगवर बसली. मास्तर सवयीने शेजारचं दार उघडणार तोच ती म्हणाली, "आज मागे बसा." ते गुमान मागे बसले. गाडी निघाली.

"उद्यापासून दुपार तुझी," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "आणि सकाळचे लोकही तुलाच मागायला लागले तर?"

"मागितलंय," ती समोर बघत म्हणाली. "काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मी सांगितलं, मास्तरांकडेच शिका."

हे मास्तरांना सगळ्यात जास्त झोंबलं. तिने हिसकावून घेतलं असतं तर निदान पोटभर जळता तरी आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नव्हती. दोन चौक गेले, तिसऱ्या चौकात लाल दिव्यापाशी गाडी थांबली.

"घरी गेल्यावर फोन लाव त्यांना," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "म्हणावं, मॅडमकडे या."